ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपी नेमके किती: ३८, ३६ की ३२?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दहावीला ग्लुकोजच्या एका रेणूपासून ३८ एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू, मिळतात असे शिकवले, अकरावीच्या शिकवणीत ३६ सांगितले आणि आता बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्राध्यापक ३० ते ३२ लिहून देतात, तर यांतले खरे कोणते? त्याला जोडून तुम्ही दुसरी शंका विचारली आहे. ऑक्सिजन जर अगदी शेवटच्या टप्प्यात लागतो, तर तो नसताना निदान आधीचे क्रेब चक्र, म्हणजे ग्लुकोजच्या विघटनाचा मधला टप्पा, तरी चालू का राहत नाही? या दोन शंका वेगळ्या दिसल्या तरी त्यांचे मूळ एकच असल्यामुळे दोन्हींचे उत्तर एकत्रच देतो.

आधी सरळ उत्तर. सस्तन प्राण्यांच्या पेशींसाठी आजची विद्यापीठीय पाठ्यपुस्तके ३० ते ३२ हाच आकडा धरतात. ३८ आणि ३६ हे जुन्या हिशेबाचे आकडे आहेत. मात्र तुमची खरी अडचण आकड्याची नसून, असा एकच ठरलेला आकडा असलाच पाहिजे या समजुतीची आहे, असे मला वाटते. ग्लुकोजच्या रेणूत ३२ एटीपी मोजून भरून ठेवलेले नसतात. ‘गाडी किती ॲव्हरेज देते?’ या प्रश्नाचे उत्तर जसे पेट्रोलच्या थेंबात सापडत नाही, गाडी कोणती, रस्ता कसा आणि ओझे किती यांवर ते ठरते, तसेच एटीपीच्या संख्येचे आहे. पेशी कोणती, तिच्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया, पेशीतली ऊर्जाकेंद्रे) कोणत्या स्थितीत आहेत आणि इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेने आत आले, यांवर ती अवलंबून असते.

तरीही या हिशेबाचा एक भाग पक्का आहे आणि तो आधी वेगळा काढणे बरे. ग्लायकोलायसिस, म्हणजे ग्लुकोजचे पायरुविक आम्लात विघटन, पेशीद्रव्यात दहा पायऱ्यांत होते. त्यात दोन एटीपी खर्च होऊन चार मिळतात, म्हणजे निव्वळ दोन, आणि शिवाय दोन एनएडीएच, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू. पायरुविक आम्लाचे दोन रेणू तंतुकणिकेत जाऊन ॲसेटिल-को-एन्झाइम-ए बनताना आणखी दोन एनएडीएच तयार होतात. क्रेब चक्राच्या दोन फेऱ्यांत सहा एनएडीएच, दोन एफएडीएच२ (हाही इलेक्ट्रॉनवाहकच) आणि दोन जीटीपी, म्हणजे हिशेबापुरते दोन एटीपी, मिळतात. एकूण थेट मिळालेले एटीपी चार, एनएडीएच दहा आणि एफएडीएच२ दोन. इथपर्यंत सगळी सरळ रासायनिक समीकरणे आहेत, त्यामुळे पूर्णांकच येतात आणि त्यांबद्दल कोणाचाही वाद नाही. वाद सुरू होतो तो या दहा एनएडीएचचे आणि दोन एफएडीएच२चे एटीपीत रूपांतर किती दराने होते या मुद्द्यावर. जुना दर ३ आणि २ होता, नवा दर २.५ आणि १.५ आहे. जुन्या दराने ३० अधिक ४ अधिक ४ म्हणजे ३८, तर नव्या दराने २५ अधिक ३ अधिक ४ म्हणजे ३२. तुमच्या वहीतला मुख्य गोंधळ एवढ्या एका दरातून निर्माण झालेला आहे.

मग जुन्या मंडळींना ३ हा दर मिळाला कोठून? १९४०च्या दशकात एनएडीएचचे इलेक्ट्रॉन वाहकांच्या साखळीतून ऑक्सिजनपर्यंत जाताना एटीपी तयार होते हे प्रयोगांनी दाखवले, तेव्हा मोजमापाची पद्धत अशी होती की ऑक्सिजनचा एक अणू खर्च होताना द्रावणातले किती अकार्बनी फॉस्फेट नाहीसे झाले हे पाहायचे. या गुणोत्तराला पी/ओ गुणोत्तर म्हणतात. (फॉस्फेट मोजण्याची जी निळ्या रंगाची चाचणी तुम्ही कदाचित प्रात्यक्षिकात केली असेल, ती फिस्के आणि आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांची, १९२५ सालची, याच दोघांनी हार्वर्डमध्ये १९२९च्या सुमारास स्नायूंतून एटीपी वेगळे काढले. त्याच काळात जर्मनीत कार्ल लोमान यांनीही ते स्वतंत्रपणे शोधले होते.) मोजमापात आकडे २ ते ३ यांच्या दरम्यान येत. त्या वेळची सर्वमान्य कल्पना अशी होती की वहन साखळीत तीन ठिकाणी एखादे ऊर्जासंपन्न रासायनिक संयुग तयार होते आणि त्यातून प्रत्येक ठिकाणी एकेक एटीपी बनते. तीन ठिकाणे, म्हणून तीन एटीपी. मोजमाप २.६ आले तर उरलेला भाग प्रयोगातल्या गळतीत गेला असे समजून तो वरच्या पूर्णांकाकडे नेला जाई. त्या कल्पनेच्या चौकटीत हे तर्कशुद्धच होते, कारण अर्धा रेणू कधी तयार होत नाही. मात्र ते ऊर्जासंपन्न संयुग वर्षानुवर्षे शोधूनही कोणाला सापडले नाही.

१९६१ साली पीटर मिचेल यांनी असे संयुग मुळात नाहीच अशी मांडणी केली. त्यांच्या मते इलेक्ट्रॉन साखळीतून पुढे सरकताना मोकळी होणारी ऊर्जा प्रोटॉनना तंतुकणिकेच्या आतल्या पटलापलीकडे ढकलण्यात खर्च होते, त्यामुळे पटलाच्या दोन बाजूंमध्ये प्रोटॉनांचा आणि विद्युतभाराचा फरक साचतो, आणि प्रोटॉन परत आत येताना एटीपी सिंथेज हे विकर (एन्झाइम) त्या फरकाचा उपयोग करून एटीपी बनवते. अनेक वर्षे हे म्हणणे बहुतेकांना पटले नाही. १९७४ साली रॅकर आणि स्टोकेनियस यांनी मेदाच्या कृत्रिम पुटिकांमध्ये एका जीवाणूचे जांभळे, प्रकाशावर चालणारे प्रोटॉन ढकलणारे प्रथिन आणि गाईच्या हृदयातले एटीपी सिंथेज एकत्र बसवले. प्रकाश पडताच एटीपी तयार होऊ लागले. या दोन प्रथिनांचा एकमेकांशी दूरचाही संबंध नसल्याने त्यांना जोडणारा दुवा प्रोटॉनच असणार हे मान्य करावेच लागले. मिचेल यांना १९७८ साली नोबेल मिळाले.

तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने या मांडणीचा परिणाम मोठा आहे. एनएडीएच आणि एटीपी यांच्यामध्ये प्रोटॉनांचा एक सामाईक साठा आला की दोन्हींचे नाते पूर्णांकात असण्याची गरजच संपते. साठ्यात येणारे प्रोटॉन अनेक एनएडीएचकडून येतात आणि बाहेर जाणारे अनेक एटीपींसाठी खर्च होतात. कोणता प्रोटॉन कोणाचा हे ठरवता येत नाही आणि ठरवण्याचे कारणही नाही. त्यामुळे २.५ म्हणजे अडीच रेणू बनतात असा अर्थ नसून, दर दोन एनएडीएचमागे साधारण पाच एटीपी एवढाच अर्थ आहे.

आता प्रत्यक्ष हिशेब. एका एनएडीएचचे दोन इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोचताना साखळीतल्या चार प्रथिन-संकुलांपैकी पहिले ४, तिसरे ४ आणि चौथे २ असे १० प्रोटॉन बाहेर टाकतात. एफएडीएच२चे इलेक्ट्रॉन पहिले संकुल टाळून साखळीत शिरतात, म्हणून त्यांचे ६. परतीच्या बाजूला एटीपी सिंथेजमध्ये पटलात बसलेले एक कडे असते आणि प्रोटॉन त्याच्यातून जाताना ते कडे अक्षरशः फिरते. १९९७ साली जपानी संशोधकांनी या विकराच्या दांड्याला एक चमकणारा तंतू चिकटवून ते फिरणे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले आणि त्याच वर्षी या यंत्रणेच्या उलगड्यासाठी पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना नोबेल मिळाले. एका पूर्ण फेरीत तीन एटीपी बनतात. फेरीला प्रोटॉन किती लागतात हे कड्यात किती घटक आहेत यावर ठरते. यीस्टमध्ये ते १० आहेत, गाईच्या हृदयात ८. म्हणजे एका एटीपीला यीस्टमध्ये ३.३ आणि गाईत २.७ प्रोटॉन. त्यात फॉस्फेट व एडीपी (ज्यांपासून एटीपी बनते) आत आणण्याचा आणि तयार एटीपी बाहेर पाठवण्याचा खर्च म्हणून आणखी एक प्रोटॉन मिळवावा लागतो. पाठ्यपुस्तके सोयीसाठी एकूण ४ धरतात. १० भागिले ४ म्हणजे २.५ आणि ६ भागिले ४ म्हणजे १.५. हाच तो नवा दर. काटेकोरपणे गाईचे ३.७ धरले तर दर २.७ आणि १.६ येतो आणि ग्लुकोजमागे आकडा ३३-३४च्या आसपास जातो. त्यामुळे ३२ हादेखील दगडावरची रेघ नाही, हे लक्षात ठेवलेले बरे.

हे कागदावरचे झाले. मी अनेक वर्षे जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांकडून हे मोजमाप करून घेत आलो आहे आणि माझ्या मते हा आलेख एकदा डोळ्यांनी पाहिला की पाठांतराची गरज राहत नाही. खाटकाकडून ताजी कलेजी बर्फात ठेवून आणायची, थंड साखरेच्या द्रावणात तिचा हलक्या हाताने लगदा करायचा, सेंट्रिफ्यूजच्या पहिल्या मंद फेरीत केंद्रके आणि न फुटलेल्या पेशी खाली बसवायच्या आणि वरचे द्रावण पुन्हा जास्त वेगाने फिरवायचे. नळीच्या तळाशी तपकिरी रंगाचा जो थर बसतो, त्यात मुख्यतः तंतुकणिका असतात. त्यांचा थोडा भाग ऑक्सिजन इलेक्ट्रोड बसवलेल्या बंद कुपीत घातला की कुपीतला ऑक्सिजन कसा कमी होतो याची रेघ पडद्यावर उमटू लागते.

नुसते ग्लुटामेट आणि मॅलेट हे (एनएडीएच देणारे) खाद्य दिले तर रेघ अगदी हळू उतरते. मग सूक्ष्म सिरिंजने मोजून एडीपी घालायचे. रेघ ताबडतोब तीव्र उताराने खाली जाऊ लागते आणि थोड्या वेळाने स्पष्ट कोपरा करून पुन्हा मंद होते. घातलेले सगळे एडीपी एटीपीत बदलले तो क्षण म्हणजे हा कोपरा. समजा ३०० नॅनोमोल एडीपी घातले आणि त्या तीव्र उतारात ऑक्सिजनचे ६० नॅनोमोल रेणू, म्हणजे १२० नॅनोमोल अणू, खर्च झाले, तर गुणोत्तर २.५ आले. पहिले संकुल रोटेनोन या विषाने बंद करून सक्सिनेट (ज्याचे इलेक्ट्रॉन एफएडीएच२च्या वाटेने शिरतात) दिले तर ते दीडच्या आसपास उतरते. कलेजी शिळी असेल किंवा काम करताना बर्फाकडे दुर्लक्ष झाले असेल, तर तो कोपरा गोलसर होतो किंवा दिसतच नाही, कारण पटलाला भोके पडलेली असतात आणि प्रोटॉन एटीपी सिंथेजला वळसा घालून परत येत असतात. अशा दिवशी मिळालेला आकडा मी वहीत लिहू देत नाही.

या प्रयोगाचा शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ऑलिगोमायसिन घालून एटीपी सिंथेज बंद केले की एडीपी कितीही घातले तरी ऑक्सिजनचा खप वाढत नाही: बाहेर साचलेले प्रोटॉन परत येऊ शकत नाहीत, त्यामुळे साखळीही अडते. त्याच कुपीत डायनायट्रोफिनॉलचा एक थेंब टाकला की रेघ सरळ खाली कोसळते आणि ऑक्सिजन संपेपर्यंत थांबत नाही. हे रसायन प्रोटॉनना पटलातून थेट आत नेते. ऑक्सिजन जळतो, खाद्य संपते आणि एटीपी मात्र एकही बनत नाही. सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते. १९३०च्या दशकात अमेरिकेत हेच रसायन वजन कमी करण्याचे औषध म्हणून विकले गेले, ताप अनावर वाढून माणसे दगावली आणि १९३८ साली तेथे ते मानवी सेवनास अयोग्य ठरवले गेले. आजही इंटरनेटवर ते ‘फॅट बर्नर’ म्हणून विकताना कोणी दिसले, तर त्यापासून लांब राहा.

निरोगी पेशीतही थोडी गळती चालूच असते. उंदराच्या यकृतपेशी विश्रांतीत जेवढा ऑक्सिजन वापरतात, त्यातला साधारण पाचवा ते चौथा हिस्सा अशा गळतीपायी जातो असे मोजमापांत आढळले आहे. तान्ह्या बाळाच्या तपकिरी चरबीत तर ही गळती मुद्दाम घडवली जाते. तेथे थर्मोजेनिन नावाचे प्रथिन प्रोटॉनना मोकळी वाट करून देते आणि बाळाचे शरीर उबदार राहते. त्या पेशीत एका ग्लुकोजमागे किती एटीपी असे विचाराल, तर उत्तर ३२च्या खूप खाली असेल आणि त्यात बिघाड काहीच नसेल.

आता ३८ आणि ३६ किंवा ३२ आणि ३० यांतल्या दोनच्या फरकाकडे येऊ, हा भाग लहान आहे. ग्लायकोलायसिसमधले दोन एनएडीएच पेशीद्रव्यात बनतात आणि तंतुकणिकेच्या आतल्या पटलातून त्यांना थेट आत जाता येत नाही. त्यांचे इलेक्ट्रॉन दुसऱ्या रेणूंवर चढवून आत पोचवावे लागतात. यकृत आणि हृदय यांत मुख्यतः मॅलेट-ॲस्पार्टेट वहनमार्ग चालतो, जो इलेक्ट्रॉन पुन्हा एनएडीएचवरच उतरवतो, म्हणून तेथे ३२. कंकाल स्नायू आणि मेंदू यांत ग्लिसरॉल फॉस्फेट मार्गही वापरला जातो, जो ते एफएडीएच२च्या पातळीवर उतरवतो, म्हणून त्या मार्गाने ३०. पेशीत दोन्ही मार्ग कमीअधिक प्रमाणात असू शकतात.

जीवाणूंना तंतुकणिका नसतात, वहनाचा हा खर्च नसतो, म्हणून त्यांना पूर्ण ३८ मिळतात, असे एक वाक्य बऱ्याच नोट्समध्ये असते. ते मात्र सोडून द्या. ई. कोलाय या जीवाणूच्या साखळीत तिसरे संकुलच नसते आणि परिस्थितीनुसार तो कमी प्रोटॉन ढकलणारी विकरेही वापरतो, त्यामुळे त्याचा दर आपल्यापेक्षा जास्त येत नाही. पावाच्या यीस्टमध्ये तर प्रोटॉन ढकलणारे पहिले संकुलच नसते. तेथे एनएडीएचमागे १०ऐवजी ६ प्रोटॉन मिळतात.

तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर आता सोपे जाईल. ऑक्सिजन शेवटी येतो हे खरे, पण तो साखळीच्या टोकाला उभा राहून इलेक्ट्रॉन स्वीकारतो. तो नसेल तर चौथे संकुल इलेक्ट्रॉन कोणाला देणार? मग मागचे सगळे वाहक भरलेले राहतात आणि एनएडीएचला आपले इलेक्ट्रॉन उतरवता येत नाहीत. पेशीत एनएडी हे सहविकर मोजकेच असते. ते सगळे एनएडीएचच्या रूपात अडकले की क्रेब चक्राच्या ज्या तीन पायऱ्यांना मोकळे एनएडी लागते त्या बंद पडतात. सायनाइडची विषबाधा हेच दाखवते. सायनाइड चौथ्या संकुलाला चिकटते, रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशी तो वापरू शकत नाहीत आणि म्हणून अशा रुग्णाच्या शिरांतले रक्तही लालभडक दिसू शकते.

ग्लायकोलायसिसलाही एनएडी लागतेच, मात्र त्याच्याजवळ एक पळवाट आहे. स्नायूत पायरुविक आम्ल स्वतः ते इलेक्ट्रॉन घेऊन लॅक्टिक आम्ल बनते, यीस्टमध्ये त्यापासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. दोन्हींत उद्देश एनएडी मोकळे करणे हाच. मिळकत निव्वळ दोन एटीपी. लाल रक्तपेशींना तंतुकणिका नसल्याने त्या ऑक्सिजन वाहत असूनही आयुष्यभर या दोन एटीपींवरच काम चालवतात.

येथेच आणखी एक गैरसमज दूर करतो, कारण तुमच्या प्रश्नाच्या मांडणीत तो डोकावतो आहे. आपण श्वासातून घेतलेला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमध्ये जात नाही. तो पाण्यात जातो. कार्बन डायऑक्साइड पायरुविक आम्लाच्या विघटनात आणि क्रेब चक्रात, म्हणजे ऑक्सिजनशी गाठ पडण्याआधीच, बाहेर पडतो आणि त्यातला ऑक्सिजन ग्लुकोजमधून व पाण्यातून येतो. म्हणून समीकरणाच्या डाव्या बाजूला पाण्याचे ६ आणि उजव्या बाजूला १२ रेणू लिहिणे अधिक बरोबर आहे, जरी वजाबाकी करून उजवीकडे सहाच दाखवण्याची पद्धत असली तरी.

परीक्षेपुरते सांगायचे तर तुमच्या विद्यापीठाच्या नेमलेल्या पुस्तकात जो दर असेल तोच वापरा, मात्र उत्तरात दर कोणता धरला आणि वहनमार्ग कोणता धरला हे एका ओळीत लिहा. ‘एनएडीएच २.५, एफएडीएच२ १.५, मॅलेट-ॲस्पार्टेट मार्ग, एकूण ३२’ असे लिहिलेल्या उत्तराचे गुण मी तरी कधी कापले नाहीत, आणि ३ व २ हे दर लिहून ३८ काढणाऱ्याचेही नाहीत. कार्यक्षमतेचा प्रश्न आला तर तेथेही हीच काळजी घ्या. ग्लुकोजच्या पूर्ण ज्वलनातून मोलमागे सुमारे २८७० किलोज्यूल मिळतात. प्रमाण स्थितीत एटीपीचे ३०.५ किलोज्यूल धरून ३८ने गुणले की जुन्या पुस्तकांतले ४० टक्के येतात, ३२ने गुणले की ३४ टक्के. प्रत्यक्ष पेशीत एटीपी आणि एडीपी यांची प्रमाणे वेगळी असल्यामुळे एका मोल एटीपीची किंमत ५० किलोज्यूलच्या आसपास जाते आणि तोच हिशेब ५५ टक्क्यांपर्यंत पोचतो. यांतला कोणता आकडा अपेक्षित आहे हे प्रश्नपत्रिकेत दिलेल्या स्थिरांकांवरून ओळखा.